जिवाणूंचा पडदा आणि कोलंबीचे कवच

कोलंबीच्या टाकाऊ कवचांपासून जिवाणूंवर मात करणारा पदार्थ तयार झाल्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते, आणि मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असल्यामुळे ओळखीतले कोणी ना कोणी ती मला हमखास पाठवते. बातमी सहसा खोटी नसते. कायटोसान हा पदार्थ खरोखरच कोलंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून मिळतो आणि तो जिवाणूंना मारक ठरतो हे प्रयोगशाळांत वारंवार दिसलेले आहे. मला खटकते ती बातमीची मांडणी, जिच्यात एका बाजूला जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला निसर्गाने दिलेले औषध असे चित्र उभे केलेले असते. प्रत्यक्षात जिवाणू ज्या पडद्याआड लपतात तो पडदाही नैसर्गिक बहुवारिकांचाच, म्हणजे पॉलिमरांचाच, विणलेला असतो. आणि त्यातील काही बहुवारिके तर आपण औषध म्हणून हाती घेतलेल्या बहुवारिकांची सख्खी चुलत भावंडे शोभावीत इतकी त्यांच्या जवळची आहेत. हा संघर्ष परक्यांमधला नसून भाऊबंदकीतला आहे, आणि ही बाब लक्षात घेतली की या क्षेत्रातील यश आणि अपयश या दोहोंचा उलगडा बराच सोपा होतो.

आधी पडद्याविषयी लिहितो. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत जिवाणू सुटे सुटे तरंगताना दाखवलेले असतात, परंतु निसर्गात आणि रुग्णाच्या शरीरात ते पुष्कळदा कशाला तरी चिकटून, एकमेकांच्या आधाराने आणि स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात रुतून राहतात. या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पाहणाऱ्या डच लेव्हेनहूकने सतराव्या शतकात स्वतःच्या दातांवरचे किटण भिंगाखाली पाहिले तेव्हा त्याच्यासमोर अशीच एक वस्ती होती. तरी या राहणीकडे विज्ञानाचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले गेले ते 1978 च्या सुमारास, विल्यम कॉस्टरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणू पृष्ठभागांना कसे चिकटतात याची मांडणी केल्यानंतर. अशा थरातील पाणी काढून टाकले तर उरलेल्या कोरड्या वजनात प्रत्यक्ष जिवाणू पुष्कळदा 10 टक्क्यांहूनही कमी असतात. बाकीचे सारे वजन त्यांनी बाहेर टाकलेल्या बहुशर्करा, प्रथिने, मेद आणि पेशीबाहेर सांडलेला डीएनए यांचे असते.

या थरातील जिवाणूंना मारण्यासाठी सुट्या जिवाणूंच्या तुलनेत दहापट ते हजारपट प्रतिजैविक लागू शकते. त्यामागे एकच कारण नाही. टोब्रामायसिनसारखी धनभारित प्रतिजैविके थरातील ऋणभारित बहुवारिकांना बाहेरच्या बाजूसच चिकटून बसतात आणि आत उशिरा पोहोचतात. आतील भागात प्राणवायू आणि अन्न कमी असल्यामुळे तेथील पेशींची वाढ मंदावलेली असते, आणि बहुतेक प्रतिजैविके वाढत्या पेशींवरच नीट काम करतात. शिवाय काही थोड्या पेशी जवळजवळ निद्रिस्त असतात. पेनिसिलिनचा मारा होऊनही असे मूठभर स्टॅफिलोकोकस जिवाणू तग धरून राहतात, हे जोसेफ बिगर यांनी 1944 मध्येच नोंदवले होते, आणि त्यांत कोणताही जनुकीय बदल झालेला नसतो ही त्यातली खरी मेख आहे. त्यामुळे औषध थांबवले की वस्ती पुन्हा उभी राहते, आणि या नव्या पिढीची चाचणी घेतली तर अहवालात ती त्याच प्रतिजैविकाला दाद देणारी दिसते.

रुग्णालयात याचा त्रास कुठे होतो, याची यादी लांबलचक आहे: मूत्रमार्गातील कॅथेटर, कृत्रिम सांधे, हृदयाच्या कृत्रिम झडपा, दात, फुप्फुसे. मी येथे मुख्यतः जखमांविषयीच बोलणार आहे, कारण नैसर्गिक बहुवारिकांचा सर्वांत जास्त वापर तेथे होतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ न भरलेल्या जखमांपैकी 60 टक्के जखमांत बायोफिल्म आढळली, तर ताज्या जखमांपैकी केवळ 6 टक्के जखमांत. 2023 मध्ये जाहीर झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांच्यापैकी ज्यांच्या पायाची संवेदना गेलेली असते त्यांची साधी चप्पल लागून झालेली जखमही महिनोन् महिने रेंगाळू शकते. आपल्याकडे हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता का नाही, हे यावरून कळावे.

आता भाऊबंदकीकडे येतो. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा आपल्या त्वचेवर निमूटपणे राहणारा, पण कॅथेटर किंवा कृत्रिम सांधा मिळाला की त्यावर वस्ती करणारा जिवाणू. तो ज्या बहुशर्करेच्या जोरावर चिकटतो तिची रचना हॅम्बुर्ग येथील डीट्रिख माक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये उलगडली. ती एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन या शर्करेच्या कड्यांची साखळी आहे, आणि तिच्या काही कड्यांवरील ॲसिटिल गट काढून टाकलेला असतो. कोलंबीच्या कवचातील कायटिन हीदेखील एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनचीच साखळी, आणि तिच्यातील बहुतेक ॲसिटिल गट काढले की जे उरते ते कायटोसान. फरक इतकाच की कायटिनमध्ये कड्या पहिल्या आणि चौथ्या कार्बनवर जोडलेल्या असतात, तर जिवाणूच्या साखळीत पहिल्या आणि सहाव्या. ॲसिटिल गट गेला की उघडा पडलेला अमाइन गट धनभार धारण करू शकतो, आणि दोन्ही साखळ्यांचे सामर्थ्य याच धनभारात आहे. जिवाणूच्या ज्या विकराकडे, म्हणजे एन्झाइमकडे, हे ॲसिटिल गट काढण्याचे काम असते त्याचे जनुक नष्ट केले, तर जिवाणू साखळी तयार करतो खरा, पण ती त्याच्या अंगाला चिकटून राहत नाही आणि वस्ती उभीच राहत नाही, हे 2004 मध्ये दाखवले गेले. कारखान्यात तीव्र कॉस्टिक सोडा तापवून आपण जी रासायनिक क्रिया घडवतो, तीच हा जिवाणू शरीराच्या तापमानाला एका विकराकरवी, गरजेपुरती घडवतो. मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य हेच वाटते.

सुडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची कथाही तशीच आहे. जखमांत हिरवट पू आणि विशिष्ट वास निर्माण करणारा हा जिवाणू एकाहून अधिक बहुशर्करा बनवतो. त्यांपैकी पेल नावाची बहुशर्करा धनभारित असते आणि ती पेशीबाहेरील ऋणभारित डीएनएला जखडून ठेवते. दुसरी बहुशर्करा चक्क अल्जिनेट आहे. म्हणजे दंतवैद्य दातांचे माप घेण्यासाठी तोंडात जो गुलाबी लगदा भरतात त्याच्यातील मुख्य पदार्थाची जवळची नातलग. ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने 1881 मध्ये तपकिरी समुद्रशैवालापासून अल्जिनेट वेगळे केले, आणि जिवाणूही तसाच पदार्थ बनवतो हे 1964 मध्ये आढळले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत सुडोमोनास एकदा का अल्जिनेट ओतू लागला की त्याला तेथून घालवणे जवळजवळ अशक्य होते.

कायटोसानचा कारखानदारी भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. कोळंबीच्या कवचात कायटिनबरोबर प्रथिने आणि कॅल्शियम कार्बोनेट असतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढायची, रंग उतरवायचा आणि मग 40 ते 50 टक्के कॉस्टिक सोड्यात तापवून ॲसिटिल गट काढायचे, अशी ही रीत. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ही रीत भारतातील टाकाऊ कवचांसाठी बसवून दिली. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मुंबईच्या ससून डॉकपर्यंत सोललेल्या कोलंबीच्या टरफलांची दुर्गंधी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या कच्च्या मालाची ओळख करून देण्याची गरज नाही. मात्र या रीतीत आम्ल, अल्कली आणि पाणी मोठ्या प्रमाणात लागते, आणि ते सांडपाणी निस्तरावे लागते, हे ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी लावताना सोयीस्करपणे विसरले जाते.

कायटोसान जिवाणूंना कसे मारते? जिवाणूंच्या बाह्य पृष्ठभागावर ऋणभार असतो. धनभारित कायटोसान त्याला चिकटते, पेशीभोवतीचे पटल विस्कळीत करते आणि आतील द्रव्ये बाहेर गळू लागतात. हे वर्णन बरोबर आहे, पण त्यातील ‘धनभारित’ हे विशेषण सगळा डोलारा सांभाळत असते आणि त्याची अट क्वचितच सांगितली जाते. कायटोसानच्या अमाइन गटावर धनभार राहतो तो सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच, सुमारे 6.5 च्या खाली असेल तोवर. सामू 5.5 असताना दहापैकी सुमारे नऊ गट भारित असतात, सामू 7.5 झाला की दहापैकी जेमतेम एक. निरोगी त्वचेचा सामू 4 ते 6 च्या दरम्यान असतो, पण रेंगाळलेल्या जखमांचा सामू साधारणतः 7.2 ते 8.9 इतका अल्कधर्मी आढळतो. म्हणजे ज्या जखमेत कायटोसानची सर्वाधिक गरज, तेथेच त्याची धार बोथट होते आणि ते विरघळतही नाही.

यावर रसायनतज्ज्ञांनी काढलेला उपाय म्हणजे अमाइन गटावर आणखी मिथिल गट चढवून कायमचा धनभार देणे, म्हणजे चतुर्थक कायटोसान तयार करणे. असे कायटोसान उदासीन पाण्यातही विरघळते आणि जिवाणूंवर जास्त प्रभावी ठरते. पण धनभार वाढला की तो केवळ जिवाणूंनाच नव्हे, तर जखम भरून काढणाऱ्या आपल्या पेशींनाही बाधू लागतो. शिवाय इतकी रासायनिक कारागिरी केल्यानंतर त्या पदार्थाला कोलंबीची देणगी म्हणत राहणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तो एक चांगला अर्धकृत्रिम पदार्थ आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

साखळीच्या लांबीचा प्रश्न निराळा. लांब साखळ्यांचे कायटोसान उत्तम पापुद्रा बनवते, पण जिवाणूंच्या थरात शिरत नाही. आखूड साखळ्या शिरतात, पण त्यांचा पापुद्रा टिकत नाही. त्यातच कायटोसान आणि अल्जिनेट समोरासमोर आले की विरुद्ध भारांमुळे एकमेकांना घट्ट धरून गोळा बनवतात. औषधनिर्मितीत हा गुण कामाचा आहे, कारण त्यापासून औषध हळूहळू सोडणारे मणी आणि पट्ट्या तयार करता येतात. परंतु अल्जिनेटने माखलेल्या सुडोमोनासच्या वस्तीवर तेच कायटोसान ओतले, तर त्याचा बराच भाग उंबरठ्यावरच अडकून पडण्याचा धोका असतो. टोब्रामायसिनचे जे होते तेच येथेही.

कायटोसानचे निर्विवाद यश मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. रक्तस्राव थांबवण्यासाठी कायटोसानची पट्टी उत्तम काम करते, कारण तांबड्या पेशींचा पृष्ठभागही ऋणभारित असतो आणि त्या कायटोसानला चिकटून तेथे बूच तयार होते. अमेरिकेत 2002 मध्ये अशा पट्टीला परवानगी मिळाली आणि इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत तिचा वापर झाला. आपल्याकडे अहमदाबादच्या ॲक्सिओ कंपनीची ॲक्सिओस्टॅट ही पट्टी याच तत्त्वावरची आहे. ताज्या जखमेवरील हे यश रेंगाळलेल्या जखमेतील बायोफिल्मवरील यश म्हणून गृहीत धरले जाते तेव्हा गोंधळ होतो. ही दोन कामे निराळी आहेत.

अल्जिनेटच्या बाबतीत आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे, कारण त्यात कल्पना फार सुंदर होती. अल्जिनेटच्या साखळीत मॅन्युरॉनिक आणि ग्युल्युरॉनिक अशी दोन आम्ले कमीअधिक प्रमाणात गुंफलेली असतात. ग्युल्युरॉनिक आम्लाचे सलग पट्टे कॅल्शियमला धरून ठेवतात, आणि सुडोमोनासच्या अल्जिनेटमध्ये असे सलग पट्टे नसतात. नॉर्वेतील अल्जीफार्मा या कंपनीने समुद्रशैवालातील अल्जिनेटचे छोटे, ग्युल्युरॉनिक आम्लाने समृद्ध असे तुकडे तयार केले. प्रयोगशाळेत या तुकड्यांनी कॅल्शियमची देवाणघेवाण बिघडवून बायोफिल्म सैल केली आणि त्यांच्या सोबतीने काही प्रतिजैविके अनेक पटींनी प्रभावी ठरली. जिवाणूच्या अल्जिनेटवर शैवालाच्या अल्जिनेटचाच उतारा असा हा प्रकार होता. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवर कोरड्या भुकटीच्या रूपात श्वासावाटे देऊन त्याची चाचणीही झाली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते सुरक्षित ठरले, परंतु फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत ठरवलेली सुधारणा दिसली नाही. मी वर्गात हा प्रयोग अपयशाचे उदाहरण म्हणून सांगत नाही. प्रयोगशाळेतील तबकडी आणि कफाने भरलेली श्वासनलिका यांच्यात किती अंतर आहे, ते मोजून दाखवणारा प्रयोग म्हणून सांगतो.

जिवाणूजन्य सेल्युलोज हा या भाऊबंदकीचा टोकाचा नमुना. व्हिनेगर मुरताना वर जी जाड साय धरते ती काही जिवाणूंनी विणलेल्या शुद्ध सेल्युलोजची असते, असे एड्रियन ब्राउन यांनी 1886 मध्ये नोंदवले. ती साय स्वतःच एक बायोफिल्म आहे. तीच धुऊन, त्यातील जिवाणू नष्ट करून भाजलेल्या त्वचेवर आणि जखमांवर आच्छादन म्हणून वापरतात. ती ओलावा उत्तम राखते, पण तिच्या अंगी जिवाणूनाशक गुण मुळीच नाही. तो हवा असेल तर चांदी किंवा अन्य औषध तिच्यात मुरवावे लागते. नैसर्गिक असणे आणि जिवाणूविरोधी असणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

साखळ्या चिकटवण्याऐवजी तोडणारी विकरे हाही एक मार्ग आहे, आणि विकरे म्हणजे प्रथिने, म्हणजे तीही बहुवारिकेच. हिरड्यांच्या विकाराशी संबंधित एका जिवाणूला आपलीच वस्ती सोडून जाण्यासाठी डिस्पर्सिन बी नावाचे विकर लागते. 2003 च्या सुमारास ते शोधले गेले आणि स्टॅफिलोकोकसची वर सांगितलेली साखळी ते नेमकी कापते असे आढळले. डीएनए कापणारे डॉर्नेज अल्फा तर सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना 1993 पासून दिले जाते, मूळ उद्देश कफ पातळ करण्याचा असला तरी. ही विकरे जिवाणूंना मारत नाहीत. त्यांना उघड्यावर आणतात.

जखमेच्या उपचारात बहुवारिकांची रास्त जागाही मला तशीच दिसते. मृत ऊती आणि थर खरवडून काढल्यानंतर बायोफिल्म पुन्हा पक्की होण्यास साधारणतः 1 ते 3 दिवस लागतात, आणि त्या अवधीत उरलेले जिवाणू प्रतिजैविकांना जास्त दाद देतात. त्या अवधीत स्राव शोषणारी, जखम ओली पण स्वच्छ ठेवणारी आणि औषध हळूहळू सोडत राहणारी पट्टी हवी असते, आणि अल्जिनेट व कायटोसान या कामाला उत्तम आहेत. कायटोसानचे उरलेले तुकडे आपल्या शरीरातील लायसोझाइम हे विकर हळूहळू मोडूनही टाकते. पण खरवडणारा सर्जन, साखरेवर नियंत्रण, पायावरचा भार कमी करणे आणि पायातील रक्तपुरवठा यांची जागा कोणतीही पट्टी घेऊ शकत नाही. वजन कमी करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कायटोसानच्या गोळ्यांची पूड करून ती जखमेवर टाकण्याचा विचारही कोणी करू नये.

शेवटी, संशोधनातील ज्या गोष्टीवर माझे बारीक लक्ष असते ती सांगतो. पुष्कळ निबंधांत 96 खळग्यांच्या तबकडीत 24 तासांची बायोफिल्म वाढवून, तिच्यावर कायटोसानचे द्रावण टाकून, उरलेला थर क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजतात. हा रंग मेलेल्या आणि जिवंत पेशींत फरक करत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कायटोसान विरघळवण्यासाठी सौम्य ॲसिटिक आम्ल वापरतात, आणि 1 टक्का ॲसिटिक आम्ल एकट्यानेच सुडोमोनासला पुरून उरते. भाजलेल्या जखमांवर ते याच कामासाठी फार पूर्वीपासून वापरले जाते. म्हणून केवळ आम्ल टाकलेला, त्याच सामूचा तुलना-खळगा निबंधात नसेल, तर तेथे जिवाणू कायटोसानने मारले की व्हिनेगरने, हे ठरवता येत नाही. ‘99.9 टक्के जिवाणू नष्ट’ असे लिहिलेले असेल तेव्हाही हिशेब करावा: 10 कोटी पेशींच्या वस्तीतून 1 लाख पेशी शिल्लक राहिल्या, आणि दोन-तीन दिवसांत वस्ती पुन्हा उभारण्यास त्या पुरेशा आहेत. माझ्याकडे प्रकल्प करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता तबकडीत तीन ओळी सक्तीने भरायला लावतो: एकीत आम्लातील कायटोसान, दुसरीत तेवढ्याच सामूचे नुसते आम्ल, आणि तिसरीत सामू 7.8 वर आणलेले तेच कायटोसान. तिसऱ्या ओळीचे आकडे पाहून त्यांचा उत्साह बहुधा ओसरतो, आणि मग चतुर्थक कायटोसान, साखळीची लांबी आणि पट्टीत मुरवण्याचे प्रतिजैविक यांविषयीची खरी चर्चा सुरू होते.